‘टेल’ची मोजदाद

‘टेल’ हे इंग्रजी क्रियापद शाळेच्या पहिल्या इयत्तांतच कानावरून जाते आणि ‘सांगणे’ एवढ्या एका अर्थात त्याचे काम भागते. दहाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मात्र ते मोजणीचेही क्रियापद होते. मेंढ्या, नाणी, दिवस, माणसे, जे काही एकेक करून पुढे सरकवता येईल ते ‘टेल’ केले जाई. सांगण्याचा अर्थ तेव्हाही होता, पण तो मोजण्याला लागून होता. घडलेली गोष्ट क्रमाने, एकही बाब न गाळता मांडणे म्हणजे सांगणे.

जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचे रूप ‘टेलन’ असे होते. त्याच्या घरातली दोन नामे होती. ‘टॅल’ म्हणजे संख्या आणि ‘टालु’ म्हणजे कथन, म्हणणे, दावा. मूळ अंग ‘टाल’ असे होते. वर्तमानकाळात त्याला लागलेल्या प्रत्ययातल्या ‘य’कारामुळे ‘आ’चा ‘ए’ झाला आणि ‘टेलन’ हे रूप तयार झाले. भूतकाळात हा फेरफार झाला नाही, तिथे ‘आ’ टिकला आणि पुढे ‘ओ’ होऊन आजचे ‘टोल्ड’ उभे राहिले. ‘सेल’ आणि ‘सोल्ड’ ही जोडी याच साच्यातली आहे. (त्या ‘सेल’चा जुना अर्थ विकणे नसून नुसते देणे असा होता, पण ती वेगळी कथा.)

शेजारच्या भावंडभाषांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. जर्मनमध्ये ‘त्सेलेन’ म्हणजे मोजणे आणि त्यालाच उपसर्ग लावून झालेले ‘एर्त्सेलेन’ म्हणजे गोष्ट सांगणे. डचमध्ये ‘टेलेन’ आणि ‘फरटेलेन’ अशी जोडी आहे, डॅनिशमध्येही तसेच. मोजण्याचे मूळ क्रियापद तिथे मोजण्यासाठीच राहिले आणि सांगण्याला उपसर्गाची खूण मिळाली. इंग्रजीने उपसर्ग लावला नाही. तिथे मोजण्याचा अर्थच हळूहळू घर सोडून गेला. असा दुहेरी धातू काही युरोपचीच मिरासदारी नव्हे. संस्कृतातल्या ‘ख्या’ या धातूपासून ‘संख्या’ही झाली आणि ‘आख्यान’ही.

‘टेलन’ला मोजणे आणि सांगणे यांच्या मधला आणखी एक अर्थ होता, समजणे किंवा मानणे. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन काव्यात म्हातारा राजा ह्रोथगार म्हणतो की, आपल्या भरभराटीच्या काळात आकाशाखाली कोणालाही आपण शत्रू म्हणून गणत नव्हतो. तिथे हेच क्रियापद आहे. मराठी वाचकाला हा अर्थ समजावून द्यावा लागत नाही, कारण एखाद्याला ‘गणणे’ किंवा तो ‘खिजगणतीतही नसणे’ हे मराठीत रोजचेच आहे. निव्वळ मोजण्याचा अर्थ बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात सापडतो. तिथे डोक्यावरचे सगळे केस मोजलेले आहेत हे सांगताना ‘टेलन’चेच रूप वापरले आहे.

नुसते बोलण्यासाठी त्या काळी दुसरी क्रियापदे होती. ‘सेज्जन’ पुढे ‘से’ झाले, ‘स्प्रेकन’ पुढे ‘स्पीक’ झाले. ‘क्वेथन’ मात्र जवळजवळ मेले आणि मृत्युपत्रातून ठेव देण्याच्या ‘बिक्वीथ’ या शब्दात तेवढे शिल्लक राहिले. तोंडातून शब्द काढायला ही क्रियापदे पुरेशी होती. ‘टेलन’ लागे ते हिशेबी सांगण्यासाठी.

हे हिशेबी सांगणे कसे असे, याचा एक सुरेख पुरावा हेरेफर्डच्या कॅथेड्रलमध्ये आहे. तिथल्या एका शुभवर्तमानाच्या पोथीत मोकळ्या जागेवर एका खटल्याची हकीकत जुन्या इंग्रजीत लिहून ठेवलेली आहे. काळ राजा कनूटचा, म्हणजे १०१६ ते १०३५ या दरम्यानचा. परगण्याची सभा भरली असताना एडविन नावाचा माणूस उभा राहिला आणि त्याने स्वतःच्या आईविरुद्ध जमिनीचा दावा लावला. आईच्या बाजूने कोण बोलणार, असे बिशपने विचारले. थर्किल नावाचा सरदार म्हणाला की, ते काम आपले आहे, पण तिची ‘टालु’ आपल्याला ठाऊक नाही. ‘टालु’ या शब्दाचा इथे अर्थ गोष्ट नव्हे. आपल्याकडच्या जुन्या दप्तरांतला ‘कैफियत’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो.

कैफियत ठाऊक नाही म्हटल्यावर सभेने तीन सरदारांना त्या बाईच्या घरी धाडले. मुलाने दावा लावल्याचे ऐकून ती भयंकर संतापली. त्याच्या मालकीची तसूभरही जमीन आपल्याकडे नाही, असे तिने ठणकावले आणि शेजारी बसलेल्या नातलग बाईकडे बोट दाखवून सांगितले की, आपली जमीन, सोने, कपडेलत्ते, सगळे आपल्या पश्चात हिला मिळेल, पोटच्या मुलाला काहीही नाही. ती नातलग बाई थर्किलचीच बायको होती. हा निरोप शब्दशः सभेपुढे मांडा आणि सगळ्यांना साक्षी ठेवा, असे तिने त्या सरदारांना बजावले. त्यांनी तसे केले, सभेने मान्यता दिली आणि थर्किल घोड्यावर बसून थेट हेरेफर्डच्या देवळात गेला व तिथल्या पोथीत सगळा प्रकार नोंदवून घेतला. पोथीत म्हाताऱ्या बाईचे नाव कोणी लिहिले नाही. तिचे म्हणणे मात्र पोथीत राहिले.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि कारभार फ्रेंच बोलणाऱ्यांच्या हातात गेला. १०८५च्या नाताळात ग्लॉस्टरला दरबार भरवून त्याने साऱ्या राज्याची मोजदाद करायचे ठरवले. त्यातूनच पुढच्या वर्षी ‘डूम्सडे बुक’ तयार झाले. इंग्रज मठवासीयांच्या बखरीत या मोजणीबद्दलची चीड स्पष्ट दिसते. एक बैल, एक गाय, एक डुक्करसुद्धा राजाच्या कागदातून सुटले नाही. हे सांगायलाही लाज वाटते, पण राजाला करायला वाटली नाही, अशा आशयाचे ते वाक्य आहे. त्यातले ‘सांगायला’ हे ‘टेलन’चेच रूप. इंग्लंडच्या तोवरच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या मोजणीबद्दल लिहिताना इंग्रज बखरकाराने हे क्रियापद मोजण्यासाठी वापरले नाही, सांगण्यासाठी वापरले.

मोजण्याचा अर्थ तरीही लवकर मरणार नव्हता, कारण त्याला पैशाचा आधार होता. त्या काळी इंग्लंडमध्ये चांदीची पेनी हेच काय ते चालू नाणे होते. १२ पेनींचा शिलिंग आणि २४० पेनींचा पौंड ही केवळ हिशेबाची मापे होती, तशी नाणी नव्हती. पेनी हातोहात फिरून झिजे आणि लबाड लोक तिच्या कडा कातरून चांदी काढून घेत. म्हणून २४० पेनी मोजून दिल्या तरी त्यांचे वजन पौंडभर भरेलच असे नव्हते. डूम्सडे बुकात कुठे मोजून दिलेले पौंड, कुठे तोलून दिलेले आणि कुठे चांदी तपासून घेतलेले पौंड असे भेद काटेकोरपणे नोंदलेले आहेत. मोजून देण्याच्या या पद्धतीला इंग्रजीत ‘बाय टेल’ म्हणत. आज गोष्ट या अर्थाने ओळखीचा असलेला ‘टेल’ हा शब्द व्यापाऱ्यांच्या तोंडी असा शतकानुशतके नगांच्या मोजणीसाठी राहिला.

बाराव्या शतकात राजाच्या खजिन्याचे कामकाज कसे चाले, हे रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने तपशीलवार लिहून ठेवले आहे. दुसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीत, ११७७च्या सुमारास, गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपात त्याने हा ग्रंथ लॅटिनमध्ये रचायला घेतला. खजिन्याचे दोन भाग होते. वरच्या भागात हिशेब तपासला जाई. तिथे सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद मेज असे. सोंगट्या पडू नयेत म्हणून त्याला चार बोटे उंचीची कड होती. त्यावर पट्ट्यापट्ट्यांचे काळे कापड अंथरत आणि पट्ट्यांमधल्या घरांत सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी करत. बुद्धिबळाच्या पटासारख्या दिसणाऱ्या या कापडावरून त्या कचेरीचे नाव ‘एक्सचेकर’ पडले आणि ब्रिटनचा अर्थमंत्री आजही त्याच नावाने ओळखला जातो.

खालच्या भागात प्रत्यक्ष रोकड येई. परगण्याचा शेरीफ ईस्टरला वसुलीचा एक हप्ता आणून भरी आणि सप्टेंबरअखेरच्या मायकलमस सणाला पुरता हिशेब चुकता करी. तिथे नाणी मोजायला चार माणसे नेमलेली होती. फिट्झनीलने त्यांचा उल्लेख लॅटिन शब्दाने केला आहे. इंग्रजीत त्यांना पुढे ‘टेलर’ म्हणू लागले. त्यांच्याबरोबर चांदी पारखणारा अधिकारी, भट्टी पेटवून चांदी गाळणारा कारागीर आणि रात्रीचा पहारेकरी असे. भरण्यातल्या पेनी एकत्र मिसळून त्यातल्या पौंडभर, म्हणजे २४० पेनी, मोजून भट्टीत गाळत. जितकी घट निघे तितकी शेरीफला भरून द्यावी लागे. आपल्या नाण्यांच्या भट्टीकडे डोळे लावून बसलेल्या शेरीफची अवस्था कल्पनेनेही कळते.

पावती कागदाची नव्हे, लाकडाची असे. बहुधा हेझल झाडाची टीचभर काठी घेत. अंगठा आणि तर्जनी ताणल्यावर जेवढे अंतर होते तेवढी तिची लांबी, असे फिट्झनील सांगतो. रक्कम खाचांनी दाखवत. १,००० पौंडांसाठी तळहाताच्या जाडीएवढी खाच, १००साठी अंगठ्याएवढी, २०साठी करंगळीएवढी. एका पौंडाची खाच टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी आणि शिलिंगची त्याहून बारीक. पेनीसाठी लाकूड न काढता नुसती सुरीची रेघ. मग काठी उभी चिरून दोन भाग करत. मोठा भाग पैसे भरणाऱ्याकडे जाई आणि छोटा खजिन्यात राही. हिशेबाच्या दिवशी दोन्ही जुळवत. खाचा आणि लाकडाच्या रेषा जुळल्या तर पावती खरी. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही बोटाने चाचपून आपली रक्कम कळे, हे या पावतीचे मोठे बलस्थान.

या काठीला ‘टॅली’ म्हणत, आणि इथे एक गफलत नेहमी होते. टेलर आणि टॅली ही नावे एकाच कचेरीतली आणि उच्चाराने जवळची, म्हणून ती एकाच मुळाची मानली जातात. तसे नाही. टॅली हा लॅटिनमधल्या छाटलेल्या फांदीच्या नावावरून आला आहे. त्याच कुळातून फ्रेंचमधले कापण्याचे क्रियापद झाले आणि त्यातून कपडे बेतणारा शिंपी ‘टेलर’ झाला. मराठीत लिहिताना दोन्ही टेलर अगदी एक दिसतात, पण पेठेतला टेलर टॅलीचा चुलतभाऊ आहे आणि खजिन्यातला टेलर वेगळ्याच घराण्यातला.

खजिन्यात मोजणारे टेलर होते खरे, पण राज्यकारभाराची भाषा फ्रेंच होती. तिने इंग्रजीला ‘काउंट’ हे क्रियापद दिले. गंमत अशी की, ते ज्या फ्रेंच ‘कोंते’वरून आले त्यालाही हाच दुहेरी अर्थ होता. लॅटिनमधल्या गणना करण्याच्या क्रियापदापासून निघालेले हे फ्रेंच क्रियापद मोजण्यालाही चाले आणि गोष्ट सांगण्यालाही. पुढे फ्रेंच लेखनिकांनी मोजण्याच्या ‘कोंते’त लॅटिनची आठवण म्हणून एक न उच्चारला जाणारा ‘प’ घातला आणि लेखनात दोघांची फारकत केली. बोलण्यात ते आजही एकच ऐकू येतात.

वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयात तर या शब्दाने सांगण्याचेच काम आधी केले. तेराव्या शतकात तिथे वादीच्या वतीने दावा मांडणाऱ्या पेशेवर वकिलाला फ्रेंचमध्ये ‘काउंटर’ आणि लॅटिनमध्ये ‘नॅरेटर’ म्हणत. तो जी कैफियत म्हणे ती ‘काउंट’. इंग्रजी कायद्यात आरोपपत्रातल्या एकेका आरोपाला आजही ‘काउंट’ म्हणतात, ते या परंपरेतूनच. हेरेफर्डच्या सभेतली ‘टालु’ आणि वेस्टमिन्स्टरचा ‘काउंट’ यांचे काम एकच होते, फक्त शब्द बदलला. दुकानातला काउंटरही याच कुळातला. पैसे मोजायचे मेज, एवढाच त्याचा मूळ अर्थ. ‘अकाउंट’ या शब्दाने तर जुना दुहेरी संसार अजून मोडलेला नाही. बँकेत त्याचा अर्थ खाते आणि इतरत्र हकीकत.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही वाटणी बरीच पुरी झालेली दिसते, आणि ती पाहायला चॉसरइतका सोयीचा माणूस दुसरा नाही. जेफ्री चॉसर कवी होता तसाच सरकारी नोकरही. १३७४ ते १३८६ अशी बारा वर्षे लंडनच्या बंदरावर लोकर आणि कातड्यांच्या जकातीवर देखरेख ठेवण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि हिशेबाच्या वह्या स्वतःच्या हाताने लिहिण्याची अट त्याला घातलेली होती. ‘कँटरबरी टेल्स’मध्ये त्याने यात्रेकरूंकडून जाता-येता प्रत्येकी दोन-दोन कथा सांगवण्याचा बेत मांडला. प्रत्यक्षात २४ कथाच हाती आल्या आणि त्यांतल्या काही अर्धवट. तिथे ‘टेल’ म्हणजे गोष्ट आणि गोष्ट सांगणे. त्याआधी, १३६८ साली वारलेल्या लँकेस्टरच्या ब्लाँशवर लिहिलेल्या शोककाव्यात मात्र त्याला गणिताबद्दल बोलायचे होते. दहा अंकांनी जगातले काहीही मोजू शकणाऱ्या एका थोर गणितज्ञाचा त्याने उल्लेख केला. हा गणितज्ञ म्हणजे अल-ख्वारिज्मी, आणि ते दहा अंक म्हणजे भारतातून अरबांमार्फत युरोपात पोचलेले अंक.  या गणितज्ञासाठी चॉसरने फ्रेंचमधला ‘काउंटर’ हा शब्द घेतला.

या मधल्या शतकांत उलट दिशेचा एक प्रवासही झाला होता. ‘रेकन’ या क्रियापदाचे जुन्या इंग्रजीतले रूप उलगडून सांगणे, समजावणे या अर्थी होते. ते हळूहळू हिशेबाकडे वळले. एकाने मोजणे सोडले, दुसऱ्याने धरले.

बोलीतून गेलेला अर्थ धर्मग्रंथांत बराच काळ राहिला. १५३०मध्ये छापलेल्या विल्यम टिंडलच्या भाषांतरात परमेश्वर अब्राहमला आकाशातले तारे मोजायला सांगतो ते ‘टेल’ या क्रियापदानेच. १६११च्या अधिकृत बायबलमध्ये ते तसेच आले. त्याच बायबलात इजिप्तमधल्या गुलामांनी दररोज किती विटा पाडायच्या, त्या संख्येला ‘टेल’ म्हटले आहे. आजचा इंग्रज वाचक तिथे विटांची गोष्ट शोधत बसतो. जपाचे मणी ओढण्यालाही इंग्रजीत ‘टेल’ करणे म्हणतात. मण्याचा ‘बीड’ हा शब्द मुळात प्रार्थनेचा. मण्यांवर जप मोजण्याची चाल इंग्लंडमध्ये जुनी आहे. नॉर्मन विजयाच्या सुमारास वारलेल्या गोडायव्हा या सरदारपत्नीने जप मोजण्याची आपली रत्नमाळ कॉव्हेंट्रीच्या मठातल्या मेरीच्या मूर्तीसाठी ठेवली होती, असे बाराव्या शतकातला इतिहासकार माम्सबरीचा विल्यम नोंदवतो.

१६४५ साली छापलेल्या मिल्टनच्या एका कवितेत झाडाखाली बसलेले मेंढपाळ आपापली ‘टेल’ ‘टेल’ करतात. ते प्रेमकथा सांगतात की सकाळी मेंढरे मोजतात, यावर टीकाकारांचा वाद पुष्कळ झाला. काव्य नसते आणि हिशेबाची वही असती तर हा वाद झालाच नसता. आज मोजण्याचा अर्थ साध्या इंग्रजीत फुटकळ उरला आहे. ‘अनटोल्ड’ संपत्ती म्हणजे न सांगितलेली नव्हे, न मोजता येणारी. ‘ऑल टोल्ड’ म्हणजे एकूण सगळे धरून.

भरभक्कमपणे तो अर्थ टिकला तो मात्र जिथे मोजणाऱ्याला पगार होता तिथे. ब्रिटनच्या पार्लमेंटात मतविभाजन होते तेव्हा दोन्ही बाजूंचे दोन-दोन ‘टेलर’ सभासद मोजतात आणि मग तेच सभागृहाला आकडा सांगतात. खजिन्यातल्या चार टेलरांची पदे एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली, पण शेवटी ती बसून खाण्याची झाली होती. मोजणी कारकून करत आणि दस्तुरी वरच्या माणसाला मिळे. कॅम्डेनचा मार्क्विस या पदावर १७८० ते १८३४ होता. एवढी कमाई बरी दिसेना, तेव्हा त्याने तिचा मोठा वाटा सरकारला सोडून दिला. लाकडी टॅली १८२६मध्ये बंद झाल्या. वेस्टमिन्स्टरमध्ये पडून राहिलेला त्यांचा ढीग १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतला. धुराडी तापली, आग पसरली आणि रात्रीत जुन्या पार्लमेंटची इमारत बहुतेक सगळी भस्मसात झाली. टेलरांची पदेही त्याच वर्षी रद्द झाली.

नाव मात्र बँकांनी उचलले. नोटा मोजून घेणारा आणि देणारा कारकून तो ‘टेलर’. २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एन्फील्ड भागात बार्कलेज बँकेने नोटा देणारे यंत्र बसवले आणि पुढे अशा यंत्रांना ‘ऑटोमेटेड टेलर मशीन’ हे नाव पडले. भारतात ते १९८७ साली पहिल्यांदा मुंबईत आले, एचएसबीसी बँकेच्या शाखेत. एटीएममधला ‘टी’ या टेलरचा आहे.